बंदूक ज्याच्या त्याच्या खांद्याला

आम्हां मराठी शिकवणाऱ्यांचा बंदुकीशी संबंध येतो तो वाक्प्रचारांपुरता. कुणाचा बार फुसका निघतो, कुणाच्या लग्नाचा बार उडतो, कुणाचा नेम चुकतो, आणि ज्याला स्वतः पुढे यायचे नसते तो दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतो. गेली वीस वर्षे मी हे सारे वर्गात समजावून सांगत आलो आहे. त्यापलीकडे माझे शस्त्रज्ञान म्हणजे कॉलेजात असताना एन.सी.सी.त झाडलेल्या बावीसच्या रायफलीच्या पाच गोळ्या. ती रायफल इतकी सोशिक की गोळी सुटल्याचे खांद्याला कळतही नाही. अशा माणसाने दिवाळी अंकात बंदुकीच्या निवडीवर लिहावे याचे वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जुन्या पुस्तकांतच उरला आहे, आणि तो तिथेच राहावा हे उत्तम. पण दोन वर्षांपूर्वी परदेशी एक बंदूक निवडली जाताना मी जवळून पाहिली, आणि तेव्हापासून एका वाक्प्रचाराचा अर्थ मला पूर्वीसारखा सांगता येत नाही.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात इंजिनिअर आहे. उन्हाळ्याच्या सुटीला थोडी रजा जोडून मी एप्रिलच्या मध्याला त्याच्याकडे गेलो, तेव्हा घरात अबोला चालू होता. त्याची चौदा वर्षांची मुलगी मैत्रिणींबरोबर शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग पुरा करून आली होती आणि तिला वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला जायचे होते. तिची आई साताऱ्याकडच्या माळकरी घरातली. मी चपला काढतो न काढतो तोच ती म्हणाली, "भाऊजी, तुमचं तरी ऐकेल ती. समजवा तिला." भाऊ म्हणाला, "दादा, तू मध्ये पडू नकोस." मी प्राध्यापक असल्यामुळे दोघांचेही ऐकून घेतले आणि काहीच केले नाही.

हा टर्की पक्षी मूळचा अमेरिकेचा, पण इंग्रजांनी त्याला नाव दिले तुर्कस्तानचे. तुर्क त्याला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंच शब्दातही हिंदुस्थानच दडलेला आहे, डच शब्दात आपले कालिकत बंदर आहे, आणि पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. पक्षी कुठला याचा कुणालाच नीट पत्ता नव्हता, एवढाच याचा अर्थ. मोगल दरबारात तो पोहोचला तो आपल्या गोव्यातून. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरात ज्या नवलाच्या चिजा विकत घेतल्या, त्यांत हा पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचे रंग कसे पालटतात याचे वर्णन बादशहाने आपल्या आठवणींत केले आहे, आणि उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

त्या डोक्यामानेतच शिकारीची सारी मेख आहे. पूर्ण वाढलेला जंगली नर सात ते दहा किलोंचा असतो. अंगावर पिसांचे चिलखत, पंखांची दणकट हाडे, छातीवर मांसाचा जाड थर. छर्रे अंगावर मारले तर तो बहुधा जागच्या जागी मरत नाही. जखमी होऊन झाडीत पळतो आणि कुठे तरी हाल होऊन मरतो. म्हणून नेम धरायचा तो डोके आणि मान यांवरच. हे लक्ष्य मुठीएवढे नि मनगटाएवढे, शिवाय सारखे हलणारे. यासाठी एकाच गोळीची रायफल नव्हे, तर छर्र्यांची बंदूक घेतात, आणि तिच्या नळीच्या तोंडाशी 'चोक' म्हणून आवळलेला भाग असतो, त्यामुळे छर्रे लवकर फाकत नाहीत. शिकाऱ्याने पहाटेच्या अंधारात झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसायचे, मादीसारखा आवाज काढायचा आणि नराला जवळ बोलवायचे. अंगावर लाल, पांढरे, निळे काही घालायचे नाही; नराच्या डोक्याचे तेच रंग असल्यामुळे दुसऱ्या शिकाऱ्याची फसगत व्हायची. जुन्या लोकांनी घालून दिलेली अंतराची हद्द ४० यार्डांची, म्हणजे सुमारे ३६ मीटरांची.

आता बंदूक कोणती घ्यावी? 'बारा बोअर' हा शब्द आपल्यालाही परिचयाचा आहे. पण हा आकडा उलटा चालतो हे मला तिथे कळले. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी करायची. अशा १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरले तर ती नळी बारा बोअरची, २० गोळ्यांचे भरले तर वीस बोअरची. म्हणजे आकडा वाढला की नळी अरुंद होते. बाराची साडेअठरा मिलिमीटर, तर विसाची साडेपंधराहून किंचित अधिक. 'चारशेदहा' नावाची एक लहान बंदूक असते, तिचा आकडा मात्र सरळ व्यासाचा, इंचाच्या ४१० सहस्रांशांचा. त्यातून काडतुसांची लांबी निराळी : पावणेतीन इंच, तीन इंच, आणि १९८८ पासून बारा बोअरमध्ये साडेतीन इंचही. या साडेतीन इंची काडतुसात दोन औंस आणि त्याहूनही जास्त छर्रे मावतात. दुकानदाराने तेच पहिल्यांदा पुढे केले. सोनार जसा वजनदार गोठ आधी दाखवतो, तसेच हे.

माझा भाऊ त्या मोहात पडला नाही. मुलगी अंगाने किरकोळ, तेव्हा तिला बंदूकही हलकीच हवी, असा त्याने विचार केला. वीस बोअरची, एका वेळी एकच बार निघणारी, जेमतेम अडीच किलोंची बंदूक त्याने घेतली. आणि बंदूक लहान म्हणून काडतूस तरी दमदार असावे, यासाठी तीन इंची, सव्वा औंस छर्र्यांचे घेतले. नाजूक मुलीला नाजूक बंदूक. कुणालाही पटेल असा हा हिशेब. तो साफ चुकीचा आहे.

१६८७ साली न्यूटनने सांगून ठेवले आहे की क्रियेला तेवढीच आणि उलट प्रतिक्रिया असते. छर्रे ज्या जोराने पुढे जातात त्याच जोराने बंदूक मागे येते. ती मागे येताना मध्ये काय असते? खांदा. बंदूक जड असेल तर ती सावकाश येते, हलकी असेल तर वेगाने. छर्र्यांचे वजन दुप्पट केले तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होते. काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन निम्मे केले, तर धक्का दुप्पट होतो. भावाने नंतर रात्री कागद घेऊन हे गणित मांडले. त्याची अडीच किलोंची बंदूक त्या काडतुसाने सेकंदाला जवळजवळ सहा मीटरच्या वेगाने मागे येत होती. तीन किलो चारशे ग्रॅमची बारा बोअरची बंदूक घेऊन तिच्यात निशाणबाजीचे साधे काडतूस घातले असते, तर धक्का याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी बसला असता. "इंजिनिअर ना तू?" असे मी विचारले नाही. थोरल्या भावाने काही गोष्टी मनात ठेवाव्यात.

हे गणित रात्री मांडले, कारण सकाळी व्हायचे ते होऊन गेले होते. शेजारी एक सत्तरी उलटलेले शेतकरी राहतात. त्यांच्याच रानात शिकारीला जायचे होते. त्यांच्या शेताच्या कडेला मातीच्या उंच बांधासमोर कागद लावला. मुलीने पहिला बार काढला आणि बंदूक खाली ठेवून खांदा धरला. डोळ्यांत पाणी आले, पण बोलली नाही. दुसरा बार कागदाच्या कडेला गेला. तिसऱ्याला कागदावर एकही भोक नव्हते. भाऊ म्हणाला, "नीट नेम धर." म्हातारबुवा काही बोलले नाहीत. त्यांनी बंदूक मागून घेतली, पाठ वळवून काडतूस भरले आणि पुन्हा तिच्या हातात दिली. तिने गाल टेकला, चाप ओढला. नुसता खट्ट असा आवाज झाला. बार झालाच नाही. म्हातारबुवांनी पोकळ, खोटे काडतूस भरले होते. पण नळीचे टोक वीतभर खाली गेले, डोळे मिटले आणि खांदा मागे सरला, हे आम्ही सर्वांनी पाहिले.

या बिचकण्याला भित्रेपणा म्हणू नये. चटका बसलेला हात तव्यापासून आपोआप दूर राहतो, तशी ही अंगाची शहाणी सवय आहे. पण ती चाप ओढण्याच्या क्षणीच जागी होते आणि नेम बिघडवते. धक्का बसतो तोवर छर्रे नळीबाहेर पडलेले असतात. नेम चुकवते ती धक्क्याची आधीपासून घेतलेली धास्ती. निशाण कागदाचे असेल तर तोटा एका काडतुसाचा. समोर पक्षी असेल, तर मानेवरचा नेम अंगावर उतरतो, आणि मग वर सांगितलेली झाडीतली मरणगत त्या जिवाच्या वाट्याला येते. मोठ्या काडतुसाचा हा खरा दोष आहे. पक्ष्याला चटकन मरण यावे म्हणून ते घ्यायचे, आणि त्याच्याच धास्तीने पक्षी अर्धमेला करून सोडायचा.

म्हातारबुवांनी उपाय केले ते अगदी घरगुती. सर्वांत आधी त्यांनी तिच्या कानांत बोळे घातले आणि वर कान झाकणारी टोपणे बसवली. बिचकण्याचा पुष्कळसा भाग खांद्यातून नव्हे तर कानांतून शिरतो, असे त्यांचे म्हणणे. मग घरातून दुसरी बंदूक आणली. रेमिंग्टन कंपनीने १९६३ साली 'अकराशे' नावाची एक आपोआप भरणारी बंदूक काढली. तिच्यात बाराचा थोडा वायू वळवून त्याच्यावर आतली यंत्रणा चालवली जाते. त्यामुळे धक्का एकदम बसत नाही, थोडा लांबतो. ठोसा आणि ढकलणे यांत जो फरक, तोच इथे. म्हातारबुवांकडे तिची वीस बोअरची जोडीदारीण होती, तीन किलोंहून थोडी जड. ती त्यांच्या पत्नीची. बाई ठेंगण्या होत्या, म्हणून दस्ता फार पूर्वीच कापून आखूड केलेला आणि मागे रबराची गादी बसवलेली. बाई जाऊन सहा वर्षे झाली होती. नळीला तेलपाणी मात्र वेळेवर होत असावे.

दस्त्याचे माप पाहण्याची एक सोपी रीत आहे. गाल दस्त्यावर टेकवल्यावर नाक आणि मुठीचा अंगठा यांच्यात दोन-तीन बोटांचे अंतर राहिले पाहिजे. कमी असेल तर अंगठा नाकावर आदळतो. जास्त असेल तर बंदूक खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर बसते आणि तिथे काळेनिळे करते. पुतणीला ती बंदूक शिवून घेतलेल्या पोलक्यासारखी बसली. बंदूक खांद्यात घट्ट ओढून धरायची, अंग किंचित पुढे झुकवायचे. सैल धरली तर ती मागे येताना जोर घेते. झाडाला पाठ टेकून बसताना खांदा कधी बुंध्याला लावायचा नाही, कारण मागे सरायला जागाच उरली नाही की सारा धक्का हाडाला बसतो. उजव्या हाताने बार काढणाऱ्याने डावा खांदा पक्ष्याकडे करून तिरके बसावे आणि डाव्या गुडघ्यावर हात टेकवावा.

सरावाला त्यांनी सर्वांत हलकी काडतुसे दिली, अधूनमधून एखादे खोटे मिसळून. चार दिवसांनी खोट्या काडतुसाला नळी हलेनाशी झाली. मग शिकारीचे काडतूस : पावणेतीन इंची, एक औंस, सहा नंबरचे शिसे. मिसुरीत टर्कीसाठी चार नंबरहून मोठा छर्रा चालत नाही; छर्र्यांचाही आकडा उलटाच चालतो, आकडा मोठा तितका छर्रा बारीक. या जोडीचा धक्का, भावाच्या गणिताप्रमाणे, पहिल्या बंदुकीच्या जवळपास निम्मा. भावाला मात्र हुरहुर लागली होती. हल्ली टंगस्टनचे छर्रे मिळतात. शिशाची घनता पाण्याच्या ११ पट, तर यांची १८ पट. त्यामुळे दोन मिलिमीटरचा बारीक छर्रा शिशाच्या तीन मिलिमीटरच्या छर्र्याइतका आत जातो, आणि लहान बंदूकही लांबवर काम करते. अलीकडे काही राज्यांनी 'चारशेदहा'ला परवानगी दिली ती यामुळेच. एकेका काडतुसाला दहा डॉलरच्या आसपास पडतात, तरी भाऊ तयार होता. म्हातारबुवांनी मान हलवली. असले कठीण छर्रे या जुन्या नळीच्या आवळ तोंडातून घालायचे नाहीत. बंदूक लहान असेल तर अंतर लहान करावे.

ते अंतर ठरवले कागदाने. कागदावर दहा इंची वर्तुळ काढायचे, मध्यावर बार काढायचा आणि वर्तुळातली भोके मोजायची. शंभर भरली तर त्या अंतरावरून मारायला हरकत नाही, असा तिथल्या शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे. ४० यार्डांवर चाळीसही भरली नाहीत. २५ यार्डांवर शंभरी पार झाली. "पंचवीस," म्हातारबुवा म्हणाले आणि कागदाच्या कोपऱ्यात तो आकडा लिहून त्यांनी कागद तिला दिला.

आईचा प्रश्न मात्र बंदुकीने सुटण्यासारखा नव्हता. "मारायचंच कशाला?" तिने एके रात्री मला विचारले. मी जे ऐकले होते ते सांगितले. विसाव्या शतकाच्या आरंभी अंदाधुंद शिकारीने आणि जंगलतोडीने हा पक्षी नाहीसा होत आला होता. मग शिकारीवर कडक नियम आले, १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आज हा कर लांब बंदुकांवर ११ टक्के आहे, आणि पक्षी जाळ्यांनी धरून उजाड रानांत नेऊन सोडले. मिसुरीत १९६० साली वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली, तीही छातीवर केसांची दाढी असलेल्या पक्ष्यांपुरती, म्हणजे बहुतेक नरांपुरतीच. तिने सारे ऐकून घेतले. "ते खरं असेल भाऊजी, पण त्या एका पक्ष्याला त्याचं काय?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

शनिवारी पहाटे आम्ही चौघे रानात गेलो. मी काही अंतरावर मागे, एका ओकच्या बुंध्याशी. म्हातारबुवांनी पंचवीस पावलांवरचा एक पडलेला ओंडका तिला दाखवून ठेवला होता. उजाडता उजाडता नर ओरडला. त्या आवाजाने अंगावर काटा येतो. अर्ध्या तासाने तो आला, पिसारा फुलवून, लाल-निळे डोके मिरवीत. ओंडक्याच्या पलीकडे थांबला. चाळीस पावले असतील. तिथे तो दहा-पंधरा मिनिटे डौलात फिरत राहिला. भावाची कुजबुज मला मागे ऐकू आली, "मार, मार." तिची बंदूक गुडघ्यावर स्थिर होती. तिने चाप ओढला नाही. नर जसा आला तसा निघून गेला. परत येताना भाऊ गप्प होता. म्हातारबुवा मात्र तिला आपल्या शेताची हद्द कुठवर आहे ते सांगत होते.

पुढच्या शनिवारी दुसरा एक नर ओंडक्याच्या अलीकडे, वीस पावलांवर आला. एकच बार झाला आणि तो जागीच पडला. मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही. ती कितीतरी वेळ त्याच्या तांब्यासारख्या चमकणाऱ्या पिसांवरून हात फिरवीत बसली होती. हात थरथरत होते. "खांद्याला लागलं का ग?" मी विचारले. "कळलंच नाही, काका." घरी आल्यावर आई दारातच उभी होती. तिने एवढेच विचारले, "तडफडला का?" मुलीने नाही म्हणून मान हलवली. आईने बाजूला होऊन त्यांना आत येऊ दिले. स्वयंपाकघर त्या दिवशी बापलेकीच्या ताब्यात होते. ती स्वतः शेजारी दहीभात घेऊन बसली, पण टेबलावरून उठून गेली नाही.

जेवताना माझ्या नोकरीचा विषय निघाला. आमच्या कॉलेजातल्या एका गृहस्थांबद्दल बोलताना मी म्हणालो, की ते नेहमी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवतात. पुतणीचे मराठी घरापुरते. तिने अर्थ विचारला. मी वीस वर्षांच्या सवयीने सांगितला : स्वतः नामानिराळे राहायचे आणि दुसऱ्याला पुढे करून आपला मतलब साधायचा. तिने घास हातात तसाच धरून क्षणभर विचार केला.

"पण काका," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या खांद्यावर फक्त नळी टेकते ना? दस्ता आपल्याच खांद्याला असतो. धक्का आपल्यालाच बसणार."

जूनमध्ये कॉलेज उघडले आणि वाक्प्रचारांचा तास आला. अर्थ मी पुस्तकात होता तोच सांगितला. फक्त फळ्यावर बंदुकीचे चित्र काढले, आणि दस्ता कुठे असतो ते मुलांना दाखवले.